नौपाड्यातला योगनिद्रेचा वर्ग: झोप उडालेल्यांनी आणि शिफ्टवाल्यांनी जरूर वाचा

ठाण्यात नौपाड्यात, राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या एका छोट्या हॉलमधे संध्याकाळी योगनिद्रेचा वर्ग चालतो, त्याबद्दल लिहितेय. मोठा बोर्ड नाही, जाहिरात नाही, सगळं एकमेकांच्या सांगण्यावरून चालतं, त्यामुळे ज्यांना खरी गरज आहे त्यांना कळतच नाही असं काही आहे म्हणून. मी हॉस्पिटलच्या लॅबमधे टेक्निशियन आहे, फिरती शिफ्ट, आणि ज्यांनी असं काम केलंय त्यांना सांगायला नको की नाइट करून घरी आलं की अंग पार गळालेलं असतं पण डोकं काही बंद व्हायला तयार नसतं, कुठलं सँपल राहिलं, कुठला रिपोर्ट पाठवला की नाही, खाली भाजीवाल्याची हाक, वर कुणाचं तरी ड्रिलिंग, आणि पडदे ओढून नुसतं पडून राहायचं. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका सिस्टर इथे यायच्या, त्यांनी मला पाठवलं. आता बरेच महिने जातेय आणि मनापासून सांगावंसं वाटतंय.

आधी एक गोष्ट क्लिअर करते कारण चौकशीला येणारे अर्धे लोक हाच प्रश्न विचारतात, की "म्हणजे तिथे जाऊन झोपायचं का?" नाही. झोपायचं अजिबात नाही. शवासनात पडायचं, डोळे मिटायचे, आणि पहिलं वाक्यच वर्ग घेणाऱ्या ताई म्हणायला लावतात, मनातल्या मनात, की मी जागी राहणार आहे, मी झोपणार नाही. शरीर झोपेच्या दारात नेऊन ठेवायचं आणि आपण मात्र आतून जागं राहायचं, ऐकत राहायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं पण सुरुवातीला लोक दहाव्या मिनिटाला घोरायला लागतात, त्यात काही चूक नाही असं ताई सांगतात, शरीराला थकवा आहे तो आधी बाहेर पडणार, हळूहळू जाग टिकायला लागते.

एक सेशन साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांचं. त्याआधी दहा मिनिटं हातपाय, मान, खांदे मोकळे करायचे साधे प्रकार घेतात, ते चुकवू नका, उशिरा येऊन डायरेक्ट आडवं पडणाऱ्यांना पुढची पाच मिनिटं अंग सरळ करण्यातच जातात. मग चटईवर पडायचं, पाय थोडे लांब, तळहात वरच्या बाजूला, मानेखाली पातळ घडी, ज्यांची कंबर दुखते त्यांच्या गुडघ्यांखाली लोड. अंगावर चादर हवीच, उन्हाळ्यात सुद्धा, कारण पडल्या पडल्या अंग गार पडतं आणि मधेच थंडी वाजली की सगळं लक्ष तिकडे जातं. एकदा पडलं की हलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही. म्हणजे सक्ती नाहीये, पण ताई म्हणतात खाज येऊ दे आणि जाऊ दे, आणि खरंच जाते.

मग संकल्प. छोटं एक वाक्य, होकारार्थी, आपल्याच भाषेत, आणि रोज तेच. आज वजन, उद्या प्रमोशन असं नाही चालत. आणि कुणाला सांगायचा पण नाही. सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, तीन-तीन वेळा म्हणायचा. मला हा भाग आधी अगदी वरवरचा वाटायचा, आता उलट वाटतं, कारण त्या अवस्थेत मनात दुसरं काही गर्दी करत नसतं आणि वाक्य खोल जाऊन बसतं.

त्यानंतर येतो तो भाग ज्यासाठी मी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. ताई शरीराच्या एकेका भागाचं नाव घेतात आणि आपण फक्त लक्ष तिथे न्यायचं. उजव्या हाताचा अंगठा. पहिलं बोट. दुसरं बोट. तिसरं. करंगळी. तळहात. पंज्याची मागची बाजू. मनगट. कोपर. दंड. खांदा. काख. कूस. कंबर. मांडी. गुडघा. पोटरी. घोटा. टाच. तळवा. पायाचा अंगठा. मग डावी बाजू, मग पाठ, मग कपाळ, उजवी भुवई, डावी भुवई, दोन भुवयांच्या मधली जागा, पापण्या, नाकाचा शेंडा, वरचा ओठ, खालचा ओठ, हनुवटी. वेग असा असतो की एका जागी रेंगाळता येत नाही आणि घाईही वाटत नाही, विचार करायला सापडलेली फट भरेपर्यंत पुढचं नाव आलेलं असतं. दुसऱ्या फेरीत जबडा जेव्हा येतो ना, तेव्हा मला दरवेळी कळतं की मी दिवसभर दात आवळून होते. कुणी "रिलॅक्स व्हा" म्हणून सांगत नाही, नुसतं नाव घेतात आणि तो आपोआप सुटतो.

यामागे विचार आहे. ही पद्धत बसवली मुंगेरच्या बिहार स्कूल ऑफ योगाच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी, ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य, २००९ मधे गेले. तंत्रमार्गात न्यास असतो, म्हणजे शरीराच्या एकेका जागेवर मंत्र ठेवत जायचं, त्यातला मंत्राचा आणि कर्मकांडाचा भाग बाजूला करून त्यांनी हे कुणालाही करता येईल असं केलं. पूजा सांगणारे गुरुजी करन्यास-अंगन्यास करतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय, आणि रामरक्षा म्हणताना पण आपण डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचं नाव घेत खाली जातोच की. मला ते लक्षात आल्यावर वर्ग एकदम घरातला वाटायला लागला. आणि उजव्या हाताच्या अंगठ्यापासूनच का सुरुवात, तर वाइल्डर पेनफिल्ड नावाच्या मॉन्ट्रियलच्या मेंदूच्या सर्जनने मेंदूवर शरीराचा नकाशा काढला होता, त्यात हाताचा पंजा, अंगठा, ओठ, चेहरा यांना बाकी शरीराच्या मानाने कितीतरी मोठी जागा आहे. पाठ एवढी मोठी पण तिला थोडीशीच जागा. म्हणजे बोटाबोटाचं नाव घेत फिरताना खरं तर मेंदूचीच एक फेरी होते, असा सत्यानंदांचा मुद्दा. लॅबमधल्या माणसाला असं काही कळलं की बरं वाटतं.

ताई पहिल्या दिवशी सत्यानंदांची एक हकीकत सांगतात ती फार आवडली. तरुणपणी ते एका संस्कृत पाठशाळेत रात्री राखणीला असायचे, दिवसभर आश्रमाचं काम आणि रात्रीचा पहारा, त्यामुळे पहाटे तीनला गाढ झोपून जायचे. चारला मुलं उठून वेदपठण करायची, ते यांनी कधी ऐकलंच नाही. पुढे एका कार्यक्रमात तीच मुलं तेच मंत्र म्हणायला लागली तर यांना वाटलं हे तर आपल्याला माहिती आहे, आणि चौकशी केल्यावर कळलं की झोपेत रोज कानावर पडत होतं. तिथून त्यांचा शोध सुरू झाला.

आता योगनिद्रा म्हटलं की आपल्याकडे आषाढी एकादशीच आठवते, देव झोपतात ते कार्तिकीला उठतात, ती योगनिद्रा. दुर्गासप्तशतीत तर ती देवीच आहे, ती विष्णूच्या डोळ्यांवरून बाजूला झाल्याशिवाय त्याला जाग येत नाही म्हणून मधु-कैटभ हे दैत्य समोर आल्यावर ब्रह्मदेव तिची स्तुती करतो. वर्गातल्या एका आजींनी हे सगळं आम्हाला चहा पिता पिता सांगितलं, त्यांना पाठ आहे. पण सरावासाठी यातलं काहीच मानायची गरज नाही, आमच्या बॅचमधे सगळ्या प्रकारचे लोक आहेत.

पुढे श्वास मोजायचा. पोटावर लक्ष, बेंबी वर येतेय सत्तावीस, बेंबी खाली जातेय सत्तावीस, मग सव्वीस, असं उलटं एक पर्यंत. चुकलात तर परत सत्तावीस. कुणी ओरडत नाही. मग उलटसुलट जाणिवा, सगळं शरीर जड झालंय, जमिनीत रुततंय, आणि लगेच सगळं हलकं झालंय. थंडी आठवा, मग ऊन. हा भाग मला अजून नीट जमत नाही पण जडपणा मात्र असा येतो की हात उचलायचा म्हटलं तर उचलेल का अशी शंका यावी. नंतर चित्रं. एकामागे एक पटापट, देवळापुढची दीपमाळ, कोकणकड्यावरचं धुकं, रिकामी एसटी, पारिजातकाचा सडा, पेटलेली चूल, भरतीचा समुद्र, लहानपणची शाळा. चित्र धरून बसायचं नाही, दिसलं तर दिसलं. इथे ताईंचं कौतुक करायलाच हवं कारण मूळ पद्धतीत वाळवंट, इजिप्तचे पिरॅमिड असं पण असतं, त्यांनी आपल्या लोकांनी बघितलेलं काहीतरी घेतलंय आणि त्याचा फरक पडतो. शेवटी परत संकल्प, मग हळूहळू खोलीचे आवाज, बोटांची हालचाल, कुशीवर वळून उठणं, आणि हरि ॐ तत् सत्.

उठल्यावर काय वाटतं ते सांगते, उगाच चढवून सांगत नाही. डोकं धुतल्यासारखं स्वच्छ असतं. आळस नसतो, दुपारी चुकून झोप लागून उठल्यावर जसं चिडचिडं वाटतं तसं अजिबात नाही. खांदे खाली आलेले असतात. घरी गेल्यावर मुलाच्या अभ्यासावरून आवाज चढायचा तो त्या दिवशी चढत नाही, हे माझ्या घरच्यांनी माझ्याआधी ओळखलं. आणि मुख्य म्हणजे नाइटवरून आल्यावर पडलं की हातापायाची फेरी मनातल्या मनात सुरू करते, बहुतेक वेळा डाव्या पायापर्यंत पोचायच्या आत झोप लागलेली असते. तिथे जागं राहायचा हट्ट नको, ते पलंगावर झोपेसाठीच आहे, ताईंनीच सांगितलंय की वर्गात जागं राहा आणि घरी झोप येत नसेल तर याचाच उपयोग करून खुशाल झोपा.

एक गोष्ट मात्र सगळीकडे फिरत असते की एक तास योगनिद्रा म्हणजे चार तासांची झोप. हे कृपा करून शब्दशः घेऊ नका. मी तरी शिफ्टवाल्यांना कळकळीने सांगेन, झोप कमी करून त्या जागी हे बसवायचं नाही. झोपेत शरीर जी कामं करतं ती करतंच, त्याला पर्याय नाही. हे त्याच्या जोडीला. ताईंनी पण पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगितलं म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला, कारण या क्षेत्रात सगळं बरं करतो म्हणणारे खूप भेटतात.

संशोधन आहे का, तर आहे, थोडं. कोपनहेगनमधे ट्रोल्स केअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मधे एक अभ्यास छापला, अनुभवी साधकांना मेंदूत काय चाललंय ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनमधे आडवं करून योगनिद्रेची टेप ऐकवली आणि मेंदूच्या व्हेंट्रल स्ट्रायटम या भागात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं प्रमाण ६५ टक्के वाढलेलं दिसलं, सोबत ईईजीमधे, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखात, थीटा नावाच्या संथ लहरी वाढल्या. त्या लोकांनी सांगितलं की काही करावंसं वाटण्याची ओढच कमी होते. पण माणसं होती फक्त ८. म्हणजे चांगली सुरुवात आहे, शिक्कामोर्तब नाही, आणि व्हॉट्सॅपवर हा ६५ टक्के आकडा येतो तेव्हा ते ८ कुणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम सांगितलं. अमेरिकेत रिचर्ड मिलर यांनी यावरूनच आयरेस्ट नावाची पद्धत काढली आणि ती तिथल्या सैन्यातल्या, युद्धावरून आलेल्या लोकांसाठी वापरली गेली. स्टॅनफर्डचे मेंदूशास्त्रज्ञ अँड्र्यू ह्युबरमन ज्याला एनएसडीआर (नॉन-स्लीप डीप रेस्ट, म्हणजे न झोपता खोल विश्रांती) म्हणतात तेही जवळपास हेच. आपले पोरं-पोरी पॉडकास्टवर ते ऐकून इंग्लिशमधलं शोधतात आणि नौपाड्यात मराठीत मिळतं ते माहितीच नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता साहजिक प्रश्न, मोबाइलवर फुकट रेकॉर्डिंग असताना पैसे कशाला. मी दोन्ही केलंय. रेकॉर्डिंग वाईट नाहीत, वर्ग नसतो तेव्हा मी पण ऐकते, मोदींची ॲनिमेशनवाली योगनिद्रा पण लॉकडाउनच्या वेळी घरोघरी ऐकली गेली. पण बऱ्याच रेकॉर्डिंगमधे मागे सतत म्युझिक असतं, आवाज फार गोड काढलेला असतो, आणि ऐन शांततेत मधेच जाहिरात येते, त्यावेळी छातीत जे धस्स होतं त्याने सगळा परिणाम जातो. शिवाय भाषेचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. अंगठा, पोटरी, घोटा हे शब्द लहानपणापासून अंगात आहेत, तिथे लक्ष आपोआप जातं, परक्या भाषेत एक क्षण का होईना मेंदू अर्थ लावायला थांबतो आणि तोच क्षण नको असतो. आणि समोर जिवंत माणूस असतो. ताई बघत असतात. कुणाचा श्वास जड झाला की आवाज थोडा वाढवतात, फार झालं तर जवळ येऊन हळूच म्हणतात, "काका, माझा आवाज ऐकू येतोय ना?" आणि काका "हो हो ऐकतोय" म्हणतात. पाऊस जोरात लागला की त्या वेग कमी करतात, खालून मिरवणूक चालली असेल तर सरळ म्हणतात, "ढोल ऐका, तो पण ऐकायचाच आवाज आहे", आणि मग त्याचा त्रास होत नाही. रेकॉर्डिंगला हे कसं जमणार.

तक्रारी पण लिहिते. हॉल लहान आहे, सोमवारी इतकी गर्दी होते की शेजारच्याचा हात आपल्या चटईवर. एक पंखा टकटक वाजतो, कितीदा सांगून झालं. चटया पातळ आहेत, स्वतःची योगा मॅट न्या, नाहीतर माकडहाड दुखतं. लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा, गुडघ्यांचा त्रास असलेल्या लोकांना कठीण जातं, वर पोचल्यावर खुर्चीत बसून करायची सोय आहे पण पोचायचं कसं हा प्रश्न आहेच. पार्किंग विसरा, स्टेशनवरून चालत या. आणि मोबाइल सायलेंट करा हे दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असून सुद्धा दर आठवड्याला कुणाचा तरी वाजतो, ताई त्याबाबतीत फार सौम्य आहेत, मला वाटतं फोन बाहेरच ठेवून घ्यायला हवेत. अजून एक म्हणजे नवीन माणूस आला की त्याला वेगळं समजावून सांगत नाहीत, सरळ बॅचमधे घेतात, निदान पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं त्याच्याशी बोलायला हवं.

कुणी जपून करावं हे पण. ज्यांच्यावर मोठा मानसिक आघात झालाय किंवा तीव्र डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून आणि ताईंना आधी सांगून या, डोळे मिटून इतकं आत गेल्यावर दाबलेलं काही वर येऊ शकतं. मी एका बाईंना रडताना बघितलंय, ताई त्यांच्याजवळ नुसत्या बसून राहिल्या, बाकीच्यांनी काही विचारलं नाही, ते छान हाताळलं. गरोदर बायकांनी दिवस भरत आल्यावर पाठीवर न झोपता डाव्या कुशीवर करावं. जोरात घोरण्यामुळे श्वास अडकत असेल, दिवसा पेंग येत असेल तर आधी तपासणी करा, ते योगनिद्रेने जाणारं दुखणं नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आमच्या बॅचमधल्या एकांनी तसं बोलून दाखवलं तेव्हा ताई चक्क रागावल्या होत्या.

फी महिन्याला सहाशे रुपये, आठवड्यातून तीन दिवस, सोम-बुध-शुक्र, संध्याकाळी सात ते आठ. ठाण्यातल्या रेटने हे काहीच नाही. एक दिवस फुकट येऊन बघता येतं. जेवून येऊ नका, चारनंतर हलकं काही खाल्लेलं चालतं. येताना चादर, पायमोजे, आणि डोळ्यांवर ठेवायला सुती रुमाल आणा, बाजारात डोळ्यांवर ठेवायच्या जवसाच्या उशा मिळतात त्या छान असतात पण रुमालाने तेवढंच काम होतं. पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही म्हणून सोडू नका, महिना तरी द्या.

ताईंना आणि वर्ग चालवणाऱ्यांना एक विनंती आहे, हे त्या वाचतील म्हणून इथेच लिहिते. संध्याकाळी सातची वेळ ऑफिसवाल्यांना बरी आहे पण नर्सेस, सिक्युरिटीवाले, कॉल सेंटरची मुलं, रिक्षावाले, पोलीस, ज्यांची झोप सगळ्यात मोडलेली आहे त्यांना ही वेळ जमतच नाही, मला स्वतःला दर तिसऱ्या आठवड्याला खाडा होतो. सकाळी नऊ-साडेनऊची एक बॅच सुरू करा, आठवड्यातून दोनच दिवस का होईना. आमच्या हॉस्पिटलमधूनच दहा-बारा जणं यायला तयार आहेत, नावं मी लिहून ठेवली आहेत, शुक्रवारी घेऊन येते.